भात संकरातील लोंबीचे वंध्यत्व

भाताच्या दोन भिन्न वाणांच्या संकरातून निपजलेल्या झाडांत लोंबी पोटरीतून पुरती न निसवणे, तिच्यातील कणिशके (भाताच्या फुलोऱ्यातील एकपुष्पी घटक) रिकामी राहणे, परागकण सुरकुतून निकामी होणे किंवा अंडकोशिका नष्ट होणे अशा ज्या विकृती आढळतात, त्यांचा विचार या शीर्षकाखाली केला आहे. या विकृती रोग, कीड किंवा हवामान यांमुळे उद्‌भवत नाहीत. आईबापांकडून आलेली आनुवंशिक सामग्री एकमेकींशी न जुळल्यामुळे त्या उद्‌भवतात. दोन्ही जनक वाण स्वतःच्या शेतात उत्तम दाणे धरतात, मात्र त्यांच्या संततीची लोंबी ताठ व पोकळ राहते. म्हणजे दोष कोणा एका जनकात नसून दोघांच्या जोडणीत असतो. गव्हाच्या संकरांतही याच स्वरूपाचे प्रकार आढळतात. त्यांचा उल्लेख पुढे तुलनेसाठी केला आहे.

दाणा न भरलेल्या लोंबीला कोकणात ‘पळींज’ म्हणतात. हा शब्द कारणाचा बोध करून देत नाही, केवळ परिणाम सांगतो आणि त्यामुळे शेतावर पुष्कळदा गैरसमज होतो. खोडकिड्याची अळी लोंबीचा दांडा आतून कुरतडते तेव्हा सबंध लोंबी पांढरी पडते, ती ओढताच सहज उपटून हातात येते आणि दांड्याच्या तळाशी कुरतडल्याची खूण सापडते. फुलोऱ्याच्या वेळी तपमान ३५° से.च्या वर गेल्यास किंवा सततच्या पावसाने परागण बिघडल्यास लोंबीचा काही भागच रिकामा राहतो व शेजारच्या सर्व झाडांत तोच प्रकार दिसतो. आनुवंशिक वंध्यत्वाची झाडे मात्र निरोगी झाडांत विखुरलेली आढळतात. त्यांची पाने इतर झाडे पिकल्यावरही हिरवी राहतात, लोंबी भाराने वाकत नाही व ओढली तरी निघत नाही. ही लक्षणे माहीत असलेला शेतकरी औषध फवारण्यावर पैसा खर्च करीत नाही. माहीत नसलेला दोनदा फवारतो आणि नुकसानीत भर घालतो.

कर्जत-खालापूर परिसर : रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे दोन तालुके आहेत. कर्जत तालुका मुख्यतः उल्हास नदीच्या व खालापूर तालुका पाताळगंगेच्या खोऱ्यात येतो. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असून खाचरांतील मुख्य पीक भात हेच आहे. उंचवट्याच्या जमिनीत हळवे, मध्यम जमिनीत निमगरवे आणि खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत गरवे भात घेण्याची पद्धत आहे. टाटा कंपनीच्या भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्रातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने कर्जत तालुक्यातील काही गावांना मिळते. तेथे उन्हाळी भातही होतो. कर्जत येथील भात संशोधन केंद्राची स्थापना १९१९ साली झाली. १९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे केंद्र त्याच्या अखत्यारीत आले. झिनिया, कोळंबा यांसारख्या स्थानिक वाणांतील निवडीपासून सुरू झालेले येथील कार्य पुढे संकरणाकडे वळले आणि १९८९ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने संकरित भाताची देशव्यापी योजना हाती घेतली तेव्हा कर्जत हे तिच्या केंद्रांपैकी एक ठरले. लोंबीच्या वंध्यत्वाचा प्रश्न येथे प्रयोगशाळेपुरता राहत नाही. बियाणे विकत घेणाऱ्या लहान शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य त्यावर अवलंबून असते.

कोशिकाद्रव्यी नरवंध्यत्व : भाताचे फूल द्विलिंगी व स्वपरागित असते. एका कणिशकात सहा केसरदले आणि एक किंजपुट असून फूल उमलण्याच्या सुमारासच स्वतःच्या परागाने फलन होते. अशा पिकात मोठ्या प्रमाणावर संकरित बी तयार करावयाचे, तर प्रत्येक फुलातील परागकोश हाताने काढणे अशक्य असते. ज्याचा पराग मुळातच निकामी आहे अशी मादी झाडे त्यासाठी लागतात. म्हणजे येथे वंध्यत्व ही एका बाजूने विकृती, तर दुसऱ्या बाजूने उपयुक्त साधन आहे. पैदासकाराला ते बीजोत्पादनाच्या शेतात हवे असते आणि शेतकऱ्याच्या शेतात मुळीच नको असते. संकरित भाताचे सारे शास्त्र या दोन गरजांमध्ये उभे आहे.

जपानमध्ये चोयू शिंज्यो यांनी १९६०–७० या दशकात बंगालमधील ‘चिनसुरा बोरो–२’ या वाणाचे कोशिकाद्रव्य (कोशिकेतील केंद्रकाबाहेरील जीवद्रव्य) जॅपोनिका वाणात आणून नरवंध्य झाडे मिळविली. १९७० मध्ये चीनच्या हाइनान बेटावर युआन लाँगपिंग यांचे साहाय्यक ली बी-हू यांना रानटी भाताचे एक नरवंध्य झाड सापडले. त्यापासून ‘रानटी वंध्य’ (डब्ल्यू. ए.) या नावाचे कोशिकाद्रव्य प्रचारात आले आणि १९७६ पासून चीनमध्ये संकरित भाताची व्यापारी लागवड सुरू झाली. भारतातील बहुतेक संकरित वाणही याच कोशिकाद्रव्यावर आधारलेले आहेत.

या वंध्यत्वाचे मूळ कलकणूंत (कोशिकेला ऊर्जा पुरविणाऱ्या सूक्ष्म कणिकांत) आहे. कलकणूंना स्वतःची आनुवंशिक सामग्री असते व ती केवळ आईकडून येते. ‘रानटी वंध्य’ प्रकारात कलकणूतील निरनिराळ्या तुकड्यांची जुळणी होऊन ‘डब्ल्यू. ए. ३५२’ हे नवे जनुक (आनुवंशिक घटक) बनलेले आहे, असे २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्याचे प्रथिन परागकोशाच्या आतील पोषक स्तरात साठते आणि केंद्रकातील जनुकाने बनविलेल्या ‘कॉक्स–११’ या प्रथिनाशी संलग्न होते. एरवी हा पोषक स्तर वाढत्या परागकणांना अन्न पुरवून योग्य वेळी विरघळतो. येथे तो वेळेआधीच नष्ट होतो आणि परागकण उपासमारीने सुरकुततात. किंजपुटाला काही अपाय होत नाही. बाहेरून चांगला पराग मिळाल्यास त्याच लोंबीत दाणे भरतात.

या हानिकारक प्रथिनावर उतारा देणारी जनुके काही वाणांच्या केंद्रकात असतात. त्यांना जननक्षमता पुनःस्थापक जनुके म्हणतात. ‘रानटी वंध्य’ प्रकारासाठी पहिल्या गुणसूत्रावरील आर. एफ. ३ आणि दहाव्या गुणसूत्रावरील आर. एफ. ४ ही दोन प्रमुख होत. दोन्ही प्रभावी आहेत, म्हणजे एकाच जनकाकडून आली तरी परिणाम करतात. त्यांपैकी आर. एफ. ४ अधिक प्रबळ असून ते वंध्यत्वकारी जनुकाचा संदेशवाहक रेणूच कमी करते, तर आर. एफ. ३ मुळे प्रथिनाचे प्रमाण घटते. प्रत्यक्षात तीन प्रकारची झाडे सांभाळावी लागतात : नरवंध्य मादी, तिच्यासारखेच केंद्रक पण निर्दोष कोशिकाद्रव्य असलेला वंध्यत्वधारक वाण, ज्याच्या परागाने मादीची पैदास चालू ठेवता येते, आणि पुनःस्थापक नर, ज्याच्याशी संकर केल्यावर मिळणारे बी शेतकऱ्याला दिले जाते.

साठवलेल्या बियाण्यातील पळींज : संकरित भाताचे बी दरवर्षी नवे घ्यावे, असे सांगितले जाते. त्याचे कारण साधारणपणे ‘उत्पन्न घटते’ एवढेच देतात. ते अपुरे आहे. पुनःस्थापक नरात आर. एफ. ३ व आर. एफ. ४ ही दोन्ही जनुके शुद्ध स्वरूपात आहेत आणि मादीत दोन्ही नाहीत असे धरल्यास पहिल्या पिढीतील प्रत्येक झाडाला दोन्हींची एकेक प्रत मिळते आणि लोंबी भरते. या झाडांचे बी राखून पुन्हा पेरले, तर दुसऱ्या पिढीत जनुकांची फाटाफूट होते. मेंडेल यांच्या नियमाप्रमाणे दर १६ झाडांत सरासरी ९ झाडांत दोन्ही, ३ मध्ये केवळ आर. एफ. ४, ३ मध्ये केवळ आर. एफ. ३ आणि १ मध्ये एकही पुनःस्थापक जनुक नसते. कोशिकाद्रव्य मात्र सर्वांचे तेच, वंध्यत्वकारी राहते. परिणामी दर सोळावे झाड पूर्ण वंध्य व आणखी तीन अंशतः वंध्य होतात. शिवाय संकरज ओज (संकरातील वाढीव जोम) घटते आणि झाडांची उंची व पक्वतेचा काळही विषम होतो. राखलेल्या बियाण्यातील ही पळींज कीडनाशकाने थांबणार नाही, हे उघड आहे.

येथे दोन कोशिकाद्रव्यांतील एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ‘रानटी वंध्य’ प्रकारात पराग तगेल की नाही हे तो निर्माण करणाऱ्या झाडाच्या जनुकांवर ठरते. म्हणून पहिल्या पिढीत पुनःस्थापक जनुक नसलेले परागकणही जगतात व वंध्यत्व पुढे पोहोचवितात. चिनसुरा बोरो प्रकारात परागकणाचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या जनुकावर ठरते. पहिल्या पिढीत निम्मा पराग मरतो, पण उरलेला निम्मा फलनाला पुरेसा असल्याने दाणे भरतात आणि तो सर्व पुनःस्थापक जनुक वाहणारा असल्याने दुसऱ्या पिढीत पूर्ण वंध्य झाड निघत नाही.

पोटरीत अडकलेली लोंबी : नरवंध्य मादीत आणखी एक दोष असतो. लोंबीखालचे शेवटचे कांडे आखूड राहते, त्यामुळे लोंबीचा साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा झेंडापानाच्या आवरकातच अडकतो. कांड्याची लांबी वाढविणारे जिबरेलीन हे वृद्धिसंप्रेरक या झाडांच्या शेवटच्या कांड्यात कमी पडते. पराग पुनःस्थापित झालेल्या संकरात हा दोष सामान्यतः दिसत नाही. म्हणूनच शेतकऱ्याच्या शेतात अर्धी पोटरीत राहिलेली, ताठ, पोकळ लोंबी दिसली, तर बियाण्यात मादीच्या झाडांची भेसळ झाली असल्याचा तो जवळजवळ निश्चित पुरावा समजावा. बीजोत्पादनात जिबरेलिनाचा फवारा देऊन लोंबी बाहेर काढतात. यावर आनुवंशिक उपायही आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत रटगर व कार्नाहन यांनी शेवटचे कांडे लांबविणारे एक अप्रभावी जनुक वर्णिले आणि मादी, वंध्यत्वधारक व पुनःस्थापक यांच्या जोडीला त्याला संकरित भाताचा चौथा आनुवंशिक घटक म्हटले. या स्थानावरील मूळ जनुक जिबरेलीन निष्क्रिय करणारे एंझाइम बनविते व ते बिघडले की कांडे वाढते, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले.

सह्याद्री संकर : कर्जतच्या केंद्राने १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित वाण प्रसारित केला. त्याची मादी आय. आर. ५८०२५ ए. आणि नर बी. आर. ८२७–३५ होय. मादी फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तयार झालेली असून तिचे कोशिकाद्रव्य ‘रानटी वंध्य’ प्रकारचे आहे, तर केंद्रक वारंवार केलेल्या पश्चसंकराने बहुतांशी पुसा १६७ या भारतीय वंशाचे बनविले आहे. हाइनानच्या दलदलीतील रानगवत, दिल्लीचा वंश आणि उल्हास खोऱ्यातील खाचर असा हा प्रवास आहे. सह्याद्री हा गरव्या गटातील असल्याने उंचवट्याच्या जमिनींना उपयोगी नव्हता. पुढे सह्याद्री–२, –३ व –४ हे कमी मुदतीचे संकर निघाले. त्यांची मादी तीच असून नर कर्जतलाच निवडलेले आहेत.

योग्य नर शोधणे हेच अशा कामात सर्वांत वेळखाऊ असते. निवडक वाणांचा मादीशी चाचणी-संकर करून पहिल्या पिढीतील पराग व दाणे तपासतात. ज्याच्या संकरात दाणे नेहमीप्रमाणे भरतात तो पुनःस्थापक, ज्याच्या संकरात मुळीच भरत नाहीत तो संभाव्य वंध्यत्वधारक. मधल्या प्रकारचे, म्हणजे काही कणिशके भरणारे व काही न भरणारे असंख्य वाण निघतात. उत्पन्नाला उत्तम पण पुनःस्थापनेला अर्धवट असा वाण सोडून देण्याचा मोह आवरणे कठीण असले, तरी तो सोडावाच लागतो, कारण अर्धवट पुनःस्थापन हवामान बदलताच आणखी ढासळते.

दूरच्या संकरातील वंध्यत्व : वरील प्रकारात कोशिकाद्रव्याचा दोष होता. इंडिका (उष्ण प्रदेशीय) आणि जॅपोनिका (मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशीय) या भाताच्या दोन उपजातींच्या संकरात मात्र कोशिकाद्रव्य निर्दोष असूनही लोंबी अर्धी रिकामी राहते. जपानी शास्त्रज्ञ काटो व त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये या उपजाती वेगळ्या केल्या, त्यात संकरातील वंध्यत्व हाच एक मुख्य आधार होता. स्वातंत्र्यानंतर कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत या दोहोंच्या संकरणाची आंतरराष्ट्रीय योजना राबविण्यात आली. शेकडो संकरांतून ए. डी. टी.–२७ आणि माहसुरी असे मोजकेच वाण हाती लागले. वंध्यत्व हा त्यातील मोठा अडसर होता.

या वंध्यत्वाचे सर्वांत चांगले अभ्यासलेले स्थान सहाव्या गुणसूत्रावर आहे व त्याला एस–५ म्हणतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेथे लागून असलेली तीन जनुके मिळून काम करतात. एक मारक, दुसरे त्याला साथ देणारे व तिसरे संरक्षक. इंडिकात मारक व संरक्षक कार्यक्षम असतात, पण साथीदार निष्क्रिय असतो. जॅपोनिकात साथीदार कार्यक्षम असतो, मारक व संरक्षक निष्क्रिय असतात. म्हणून दोन्ही आपापल्या घरी सुखरूप राहतात. संकरात मारकाला साथीदार मिळतो आणि गर्भकोश घडण्याच्या वेळी विघातक क्रिया सुरू होते. ज्या गर्भकोशाकडे इंडिकाचा संरक्षक आला तो वाचतो, जॅपोनिकाचा वारसा असलेला नष्ट होतो. अशा झाडाचा पराग सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसू शकतो, तरीही कणिशके रिकामी राहतात. केवळ पराग तपासून निष्कर्ष काढणाऱ्याची येथे फसगत होते. पहिल्या गुणसूत्रावरील एस–ए या स्थानामुळे उलट परागकण मरतात.

काही वाणांत एस–५ स्थानावरील मारक जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. असे वाण दोन्ही उपजातींशी विनासायास जुळतात. इकेहाशी व अराकी यांनी १९८६ मध्ये या ‘विस्तृत सुसंगती’च्या जनुकाची कल्पना मांडली. ‘केतान नांगका’ हा त्यांनी अभ्यासलेल्या वाणांपैकी एक होय. कोकणातील स्थानिक वाण सर्वसाधारणपणे इंडिका गटातील असल्याने सह्याद्रीसारख्या संकरांत हा अडथळा मोठा नसतो. अधिक ओज मिळविण्यासाठी दूरच्या गटांतील नर वापरावयाचा झाल्यास मात्र त्यात सुसंगतीचे जनुक आहे याची खात्री आधी करावी लागते.

वंध्यत्वाचा आणखी एक मार्ग अगदी साधा आहे. पूर्वी एखाद्या जनुकाच्या दोन प्रती निर्माण झालेल्या असतात. एका वंशात पहिली प्रत बिघडते, दुसऱ्यात दुसरी. प्रत्येक वंशाचे काम उरलेल्या प्रतीवर चालते, पण संकरातील चौथा हिस्सा परागकणांना दोन्ही बिघडलेल्याच प्रती मिळतात व ते मरतात. डी. पी. एल.–१ व डी. पी. एल.–२ ही जोडी याचे उदाहरण होय (२०१०).

गव्हातील साम्य : गव्हाच्या संकरात एनई–१ व एनई–२ ही दोन जनुके एकत्र आली की पाने टोकाकडून करपतात आणि जोड प्रबळ असेल तर झाड ओंबी धरण्यापूर्वीच मरते. यांपैकी एनई–२ हे तांबेरा रोगाला प्रतिकार करणारे एल. आर.–१३ हेच जनुक आहे, असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे रोगापासून वाचविणारी यंत्रणाच परक्या जोडीदाराच्या संगतीत स्वतःच्या झाडावर उलटते. कृष्णाकाठी पिकणाऱ्या खपली गव्हाचा साध्या गव्हाशी संकर केल्यास कारण निराळे असते. खपलीत २८, साध्या गव्हात ४२ आणि संकरात ३५ गुणसूत्रे येतात. जननकोशिका बनताना त्यांतील १४ जोड्या जुळतात व ७ गुणसूत्रे एकटी राहून अनियमितपणे वाटली जातात. त्यामुळे ओंबीत दाणे थोडे व सुरकुतलेले भरतात.

बीजोत्पादन व परीक्षा : संकरित बियाण्याच्या शेतात साधारणतः नराच्या २ ओळींमागे मादीच्या ८ ओळी लावतात आणि इतर भातापासून सुमारे १०० मी. अंतर राखतात. फुलोऱ्यात दोन्ही बाजूंनी दोरी ओढून किंवा बांबूने नराच्या लोंब्या हलवून पराग मादीवर पाडतात. भेसळ झाडे निसवण्याच्या वेळीच उपटावी लागतात. मादीच्या ओळीत राहून गेलेले वंध्यत्वधारकाचे एक झाडही आजूबाजूच्या अनेक लोंब्यांत संकराऐवजी मादीचेच बी निर्माण करते आणि पुढल्या वर्षी तेच पळींज म्हणून शेतकऱ्याच्या वाट्याला येते. मजुरी महाग झाल्यावर प्रथम याच कामात काटकसर होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

शेतावरील तक्रार तपासताना बी नवे की राखलेले हे आधी विचारावे. नंतर न उमललेल्या कणिशकातील परागकोश काचपट्टीवर चिरडून आयोडीन व पोटॅशियम आयोडाइडाच्या विद्रावाचा थेंब टाकावा. जननक्षम परागकण पिष्टामुळे गर्द निळे-काळे होतात, वंध्य परागकण पिवळसर व वेडेवाकडे राहतात. पराग गर्द रंगला आणि तरीही दाणा नाही, तर दोष गर्भकोशाकडे किंवा हवामानाकडे शोधावा. उन्हाळी भाताचा फुलोरा कर्जतला मार्च-एप्रिलमध्ये येतो, तेव्हा उष्णतेची शक्यता प्रथम वगळणे इष्ट. पुनःस्थापक जनुकांलगतचे डीएनए सूचक वापरून आता रोपावस्थेतच मादीची भेसळ ओळखता येते. दहाव्या गुणसूत्रावरील आर. एम. ६१०० हा आर. एफ. ४ साठी वापरला जाणारा असा एक सूचक आहे. या परीक्षेसाठी पानाचा लहानसा तुकडा पुरतो, पण ती लावणीपूर्वी करावी लागते. लोंबी निसवल्यावर शेतकऱ्याजवळ पिशवीवरील चिठ्ठी आणि मूठभर उरलेले बी एवढाच पुरावा शिल्लक असतो.

एकाच कोशिकाद्रव्यावर फार मोठे क्षेत्र अवलंबून ठेवण्यात निराळा धोका आहे. अमेरिकेत मक्याचे बहुतेक संकर ‘टेक्सास’ प्रकारच्या नरवंध्य कोशिकाद्रव्यावर आधारलेले होते. १९७० मध्ये त्याला विशेषत्वाने बळी पडणाऱ्या करपा रोगाची साथ येऊन देशातील सुमारे १५% पीक बुडाले. त्यामुळे भाताच्या पैदासीत ‘रानटी वंध्य’ प्रकाराखेरीज अन्य कोशिकाद्रव्यांच्या माद्या तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. प्रत्येक नव्या मादीसाठी पुनःस्थापक नरांचा शोध मात्र पुन्हा पहिल्या चाचणी-संकरापासून सुरू करावा लागतो.